आई, डिंकाचे लाडू पाठवू नकोस

लेस्टर

ती. आई आणि अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुझा आवाज भरून आला की मी विषय बदलते, म्हणून हे नीट बसून लिहिते आहे. व्हिडिओ कॉलवर माझे गाल बसलेले दिसतात, ते खरंच आहे. जिना चढले की पाय थरथरतात. दुपारी भांडी घासता घासता मध्येच खुर्चीवर टेकावं लागतं. पण ‘पोट कापलं आणि पोर उपाशी राहिली’ असं जे तू मावशीला सांगतेस, तेवढं काढून टाक डोक्यातून.

वजन उतरावं म्हणून केलेल्या या ‘गॅस्ट्रिक बायपास’ ऑपरेशनात पोट काढून टाकत नाहीत, ते माझ्या आतच आहे. त्याच्या वरच्या टोकाला कोंबडीच्या अंड्याएवढा एक कप्पा वेगळा केलाय आणि लहान आतडं वळवून थेट त्याला जोडलंय. म्हणजे मावतं थोडं, आणि जे मावतं त्यातलं लोह, कॅल्शियम, बी-१२ पहिल्यासारखं अंगी लागत नाही. आता अशा पोटाला ‘दोन घास जास्त खा’ म्हणून काय उपयोग? तिसऱ्या घासानंतर छातीत दाटून येतं.

म्हणून सगळा खेळ पहिल्या घासाचा आहे. इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, तेव्हा तूच हिशोब कर. ती कमी पडली तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि मग पाय थरथरतात. त्यामुळे माझ्या ताटात आधी मासा, अंडं, पनीर किंवा घट्ट वरण, नंतर भाजी, आणि जागा उरली तर चमचाभर भात. भाताशिवाय जेवण म्हणजे अण्णांच्या मते नुसता फराळ, ठाऊक आहे मला! पण गरम भात आणि मऊ पोळी यांचा आत गोळा होऊन अडकतो. कडक टोस्ट त्यापेक्षा बरा जातो. आणि तू सुचवलेली साबुदाण्याची खीर तर नकोच, तिच्यात ताकदीचं काही नसतं.

लाडवांचंही तेच. बाळंतिणीला ते ठीक, मला नाही. गूळ-साखर या नव्या वाटेने झपकन आतड्यात उतरते. इथे एका वाढदिवसाला केकचा तुकडा खाल्ला आणि अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा, सगळं एकदम. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर गोड खाल्लं की असं होऊ शकतं.

चक्कर मात्र बरीचशी पाणी कमी पडल्यामुळे होती. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि घटाघट तर कधीच नाही. असं करून दिवसात दीड लिटर भरायचं म्हणजे बाटली सतत हातात. शिवाय वजन उतरल्यावर रक्तदाबाची जुनी गोळी जास्त होत होती, ती डॉक्टरांनी कमी केली. त्यानंतर उठताना अंधारी येणं थांबलं.

गोळ्यांचं वेळापत्रक ऐकून अण्णा हसतील. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाच्या गोळीजवळ चहाही नको, आणि हे मला सगळ्यात जड जातंय. बी-१२चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. हे सगळं जन्मभर, आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचं. केस गळताहेत, ते तू पाहिलंसच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात आणि पुढे येतात, असं सांगितलंय. तेल पाठवू नकोस.

दादाच्या त्या पुण्याच्या मित्राला एक निरोप दे. त्याने हे ऑपरेशन करून घेतलं आणि नंतर उलट्या थांबेनात, तर लिंबू-सरबतावर दिवस काढत बसू नको म्हणावं. लगेच दवाखाना गाठायचा. पोटात काही टिकलं नाही की बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने उतरतं आणि मज्जातंतूंना, मेंदूलाही कायमची इजा होऊ शकते.

मावशी म्हणते, ‘एवढी काही जाड नव्हतीस.’ तिला सांग, आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून इथे आपल्यासाठी या ऑपरेशनची वजनाची अटसुद्धा खाली धरतात. माझी साखर आता निम्म्या गोळ्यांवर ताब्यात आहे.

पाठवायचंच असेल तर कुळथाचं पीठ पाठव, घरी भाजून दळलेलं. लसूण घालून घट्ट पिठी केली की मऊ असते, घशाखाली उतरते आणि प्रथिनंही देते. इथल्या दुकानात मिळतं ते कडवट लागतं. टपालाने नको, वहिनीची बहीण डिसेंबरात येणार आहे तिच्याकडे दे. आणि पाच किलो बांधू नकोस, एक किलो मला पुष्कळ दिवस जाईल.

अण्णांना गुडघ्याचा पट्टा लावायला सांग.

तुझी,
बेबी