मिसिसिपीच्या किनाऱ्यावरून

प्रिय शैला,

परवाच्या रविवारी आम्ही दोघं मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्याने रमतगमत फिरून आलो. दिवसभर तुझी आठवण निघत होती, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. वेव्हलँडपासून ओशन स्प्रिंग्जपर्यंतचा हायवे ९० न थांबता गेलं तर तास-सव्वा तासात संपतो. आम्ही सकाळी निघालो ते दिवेलागणीला पोचलो.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं ते याच किनाऱ्यावर. जग शेजारच्या न्यू ऑर्लिन्सबद्दल बोलत राहिलं आणि ते साहजिकही होतं, पण समुद्र सगळ्यात उंच चढला तो इथे. पास क्रिश्चनला जवळजवळ २८ फूट! आदल्या दिवशी वादळ पाचव्या, म्हणजे सगळ्यात तीव्र श्रेणीचं होतं, जमिनीला लागताना तिसऱ्यावर उतरलं होतं. पण तोवर रेटलं गेलेलं पाणी थोडंच मागे फिरणार? त्यात इथला समुद्र लांबवर उथळ, त्यामुळे पाणी फुगून सरळ आत शिरतं. १९६९ मध्ये कमील नावाचं भयंकर वादळ इथेच येऊन गेलं होतं. कमीलमध्ये कोरडं राहिलेलं घर याही वेळी तरेल, या भरवशावर कितीतरी जण घर सोडून हललेच नाहीत. एकट्या मिसिसिपीत २३० हून जास्त माणसं गेली.

वेव्हलँडला एका जुन्या शाळेत वादळाचं छोटं संग्रहालय आहे. पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर केलेली आहे. ती पाहायला मान वर करावी लागते, एवढंच सांगते. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

बे सेंट लुईसला समुद्राकाठी एका वठलेल्या ओकच्या खोडात देवदूत कोरलेत. वादळात तीन माणसं आणि एक कुत्रा याच झाडाला धरून वाचले. पुढे झाड मेलं, तरी कुणी ते तोडू दिलं नाही. तिथून खाडीवरचा लांबलचक पूल लागतो. जुना पूल कॅटरिनाने पत्त्यांसारखा पाडला होता, हा २००७ मध्ये सुरू झाला आणि चांगला उंच बांधलाय. वरून दोन्हीकडचा किनारा दिसतो, सरळ आणि पांढराशुभ्र. ही वाळू मूळची नाही बरं का, समुद्राच्या तळातून उपसून घातलेली आहे.

पास क्रिश्चनला मी मुद्दाम गाडी थांबवायला लावली. रस्त्यालगत विटांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर चढून गेलं की नुसतं गवत. घराचा चौथरा तेवढा राहिलाय. त्याच्या एका कोपऱ्यात न्हाणीघराच्या बारीक षटकोनी पांढऱ्या फरश्या अजून सिमेंटला घट्ट चिकटून आहेत, आणि त्यांच्या सांध्यांतून पिवळी रानफुलं आलीत. शेजारीच नवंकोरं घर, उंच खांबांवर, खाली मोटारी. आता बांधायचं तर असं उंचच बांधावं लागतं, वर विम्याचा हप्ता परवडायला हवा. ज्यांना जमलं ते परतले. बाकीच्यांच्या पायऱ्या उरल्या. वीस वर्षं उलटून गेली, शैला, आणि अशा मोकळ्या जागा अजून जागोजागी आहेत.

निसर्ग वादळानंतर तू फोनवर म्हणाली होतीस, "रस्त्यावरची झाडं हलवली, वीज आली की लोकांना वाटतं झालं सगळं." तुझी वाडी आडवी झाली ३ जून २०२० ला, आणि नवी पोफळ धरायलाच किती वर्षं जातात! ते तेव्हा मला कळलं होतं, पण पटलं या पायऱ्यांवर उभं राहून. इथली हॉटेलं भरलेली, रस्ता गुळगुळीत, पोरं पतंग उडवतायत. आणि तरी हा किनारा सावरला असं माझ्याने म्हणवत नाही. सावरतोय, एवढं खरं.

लाँग बीचला विद्यापीठाच्या आवारात ५०० वर्षांहून जुना ओक आहे, 'फ्रेंडशिप ओक'. फांद्या इतक्या लांब की टोकं जमिनीला टेकलीत. याच्या सावलीत जे येतात ते जन्मभर मित्र राहतात म्हणे. मी तुझं नाव घेऊन उभी राहिले.

गल्फपोर्टच्या पुढे वाळूचा एक पट्टा दोर लावून राखलाय, छोट्या सुरय पक्ष्यांसाठी. नुसत्या वाळूत खळगा करून अंडी घालतात, आणि अंडी अगदी वाळूच्याच रंगाची. दोराजवळ गेलो तर एक चिमुकला पक्षी डोक्यावर झेप घालायला लागला. आम्ही निमूट मागे सरलो.

बिलॉक्सीत पूर्वी कसिनो तरंगत्या तराफ्यांवरच असायला हवेत असा कायदा होता. कॅटरिनाने ते अजस्र तराफे उचलून रस्त्यापलीकडे फेकले. एक तराफा तर बांधकाम चालू असलेल्या संग्रहालयावरच जाऊन पडला. दोन महिन्यांच्या आत कायदा बदलून कसिनोंना जमिनीवर यायची मुभा मिळाली. घरांसाठी कुणी इतकी घाई केली असती तर, हे राहून राहून मनात येतं. तिथलं १८४८ सालचं बिडाचं दीपगृह मात्र रस्त्याच्या मधोमध तसंच उभं आहे. एका बाईने ते पन्नासहून अधिक वर्षं सांभाळलं होतं. त्यांच्याविषयी वाचून फार बरं वाटलं.

ओशन स्प्रिंग्जला पोचेपर्यंत पाय दुखायला लागले होते. तिथे पाण्याकाठी बसून कोळंबी खाल्ली, ताजी होती.

तू लेकीकडे ह्यूस्टनला येणारेस ना? मग मार्च-एप्रिलमध्येच ये. १ जूनपासून वादळांचा हंगाम लागतो, तो नोव्हेंबरअखेरपर्यंत. तारखा कळव, मी गाडी घेऊन येते तुला न्यायला. पायऱ्या आणि पक्षी दोन्ही तुला दाखवायचेत. आणि नवीन माडांचे फोटो पाठव, नीट जवळून काढलेले.

तुझीच,
माधवी