कंट्रोल चुकल्यामुळे मी अहवाल थांबवले: आरोग्यमंत्र्यांना एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : रुग्णालयातील बायोकेमिस्ट्री ॲनालायझरची (रक्तातील घटक मोजणाऱ्या यंत्राची) देखभाल आणि मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी 14 वर्षे कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहे. गेल्या गुरुवारी दुपारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. "मशीन सुरू असूनही 41 रुग्णांचे अहवाल हेतुपुरस्सर रोखून आपण रुग्णसेवेत अडथळा आणला" असे तीत म्हटले आहे आणि खुलाशासाठी मला 48 तास देण्यात आले होते. माझा खुलासा मुदतीत गेला आहे आणि त्याची पोचही माझ्याकडे आहे. मात्र तो वाचणाऱ्याला ही यंत्रे कशी चालतात याची माहिती असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र आपल्यापर्यंत आणि आपल्या निमित्ताने सगळ्यांपर्यंत पोहोचवीत आहे.

"मशीन सुरू असूनही" या तीन शब्दांत सगळा घोळ आहे. पडद्यावर दिवा लागला, नमुना ओढणारा प्रोब वरखाली होऊ लागला आणि कागद छापून बाहेर आला, की यंत्र सुरू आहे असे आपले खाते मानते. माझ्या कामात याला यंत्र सुरू असणे म्हणत नाहीत.

सकाळी साडेआठला मी यंत्र चालू करते तेव्हा त्यात पहिला नमुना रुग्णाचा जात नाही, कंट्रोलचा जातो. ही एक लहान कुपी असते आणि तिच्या तळाशी वाळवलेल्या सीरमचा पिवळसर थर असतो. तीत मोजून 5 मिली शुद्ध पाणी सोडायचे, फेस येऊ न देता ती हलक्या हाताने फिरवायची आणि अर्धा तास थांबायचे. तिच्यातील साखर किती, युरिया किती, यकृताची इजा दाखवणारा एसजीपीटी किती हे आधीच ठाऊक असते. यंत्राने तेच आकडे ठरलेल्या मर्यादेत सांगितले तरच पुढे माणसाचे रक्त लावायचे. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये प्रयोगशाळांना कंट्रोलचे आकडे मांडण्याचा तक्ता दिला आणि वेस्टगार्ड यांनी 1981 मध्ये त्याचे नियम घालून दिले. कंट्रोल सलग दोन वेळा एकाच बाजूला दोन प्रमाण विचलनांच्या (आकडा एरवी किती हलतो याच्या मापाच्या) बाहेर गेला, तर ती चाचणी थांबवायची, कारण शोधायचे आणि मगच अहवाल द्यायचे, असे त्यांतला एक नियम सांगतो. पदविकेच्या पहिल्या वर्षी आम्ही हे शिकतो आणि याच्याच बळावर खाली सही करतो.

ज्या सोमवारवरून ही नोटीस आली, त्या सोमवारी एसजीपीटी, त्याच्याच जोडीचा एसजीओटी आणि युरिया या तीन चाचण्यांचे कंट्रोल सलग तिसऱ्या दिवशी मर्यादेबाहेर होते. साखर, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक), प्रथिने आणि कोलेस्टेरॉल ठीक होते. हाताखाली यंत्र असलेल्या कोणालाही यातून लगेच संशय येतो, कारण त्या तिन्ही चाचण्या यंत्रातल्या दिव्याच्या प्रकाशात 340 नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीवर वाचल्या जातात. ही तरंगलांबी अतिनील भागातली असून हॅलोजन दिव्याचा प्रकाश मुळातच तिथे क्षीण असतो. दिवा म्हातारा झाला की पहिली झळ तिथेच बसते आणि बाकीच्या चाचण्या आणखी काही आठवडे बऱ्या दिसत राहतात. यंत्र बंद करून गार होऊ दिले आणि झाकण उघडून दिवा पाहिला. करंगळीच्या पेराएवढा तो दिवा, त्याची काच आतून काजळल्यासारखी करडी झाली होती. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत या दिव्याचे आयुष्य 2,000 तास दिले आहे. पडद्यावरची मोजणी 3,112 तास दाखवीत होती. रोज आठ तास आणि महिन्याला 26 दिवस धरले तरी हा दिवा दहाव्या महिन्यात बदलायला हवा होता, तो पंधरावा महिना चालत होता. नव्या दिव्यासाठी मी तीन वेळा मागणीपत्र दिले आहे आणि तिन्हींच्या जावक क्रमांकांची नोंद माझ्याकडे आहे. दिव्याची किंमत काही हजार रुपये असते, यंत्राची काही लाख.

त्या दिवशी 41 नळ्या आल्या होत्या. मी फक्त या तीन चाचण्या थांबवल्या, बाकी सगळे अहवाल दुपारी एकपर्यंत दिले आणि कंट्रोल बाहेर असल्याची नोंद वहीत वेळेसह केली. नोटिशीत यातले काही नाही. त्या नळ्यांत एका तरुणाचे रक्त होते. तो क्षयरोगाची औषधे घेत होता, ऊसतोडीवरून अर्ध्यातून परत आला होता, त्याला उलट्या होत होत्या आणि डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. त्रास होत असताना एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट झाला तर ती थांबवावी लागतात. म्हणजे त्या एका आकड्यावर उपचार थांबवायचे की चालू ठेवायचे हे ठरणार होते. मी डॉक्टरांना फोन करून सांगितले की बिलिरुबिनवर भरवसा ठेवा, एसजीपीटीवर माझाच भरवसा नाही. त्यांनी बिलिरुबिन पाहून औषधे थांबवली आणि रुग्णाला पुढे पाठवले. मी तो आकडा छापून दिला असता आणि तो खोटाच कमी निघाला असता, तर काय झाले असते याचा विचार नोटिशीवर सही करणाऱ्याने करावा.

महोदय, मी इतकी हट्टाला का पेटले, तेही सांगते. चार महिन्यांपूर्वी मी असे थांबले नव्हते. इलेक्ट्रोलाइटचे (रक्तातल्या सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांचे) कंट्रोल दोन महिने आलेच नव्हते, पोटॅशियम मोजणारा इलेक्ट्रोड जुना झाला होता आणि "रुग्ण परत पाठवू नका" असा तोंडी आदेश होता. मी कंट्रोलशिवाय नमुने लावत राहिले. पाय सुजलेल्या साठीच्या एका बाईंचे पोटॅशियम 6.9 आले. एवढे पोटॅशियम म्हणजे हृदय केव्हाही थांबू शकते. रात्री त्यांना खासगी जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी नेले आणि तिथली अनामत भरण्यासाठी सुनेने आपले डोरले सराफाकडे ठेवले. तिथे पोटॅशियम 4.4 निघाले, म्हणजे अगदी नॉर्मल. तीन दिवसांनी मुलगा माझ्या खिडकीशी आला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, "ताई, तुमच्या कागदावर सहा पॉइंट नऊ हाय आन् तिथल्यावर चार पॉइंट चार. खरं कोणतं?" मी म्हटले, तिथले. तो काही बोलला नाही. त्याने दोन्ही कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. ते डोरले सुटले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्या रात्री मी ठरवले की कंट्रोलशिवाय किंवा कंट्रोल बाहेर असताना माझ्या सहीने एकही आकडा जाणार नाही.

आमच्याकडे मोंढ्यात सोयाबीन घालायला गेलेला शेतकरी आधी काट्यावरचा वैधमापनाचा शिक्का पाहतो. त्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करावी लागते आणि ती केली नाही तर व्यापाऱ्याला दंड होतो. तोच शेतकरी माझ्या खिडकीशी येऊन शिरेतले रक्त काढून देतो, तेव्हा माझ्या काट्याची पडताळणी शेवटची कधी झाली हे विचारायची सोय त्याला नाही, आणि मी स्वतःहून सांगितले तर मला नोटीस येते.

आता पाण्याचे पाहा. या यंत्राला तासाला काही लिटर पाणी लागते. प्रत्येक क्युवेट, म्हणजे जिच्यात चाचणी होते ती छोटी कुपी, दर चाचणीनंतर त्याच पाण्याने धुतले जाते आणि ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असावे लागते. त्याची वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, एक मायक्रोसिमेन्सच्या आत हवी. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागाला पाण्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या रुग्णालयात फेब्रुवारीपासून टँकर असतो, म्हणजे बोअरचे जड पाणी. ते आरओच्या पडद्याची वर्षभरात वाट लावते आणि त्यापुढचे उरलेले क्षार शोषणारे रेझिन त्याहून लवकर संपते. नवे रेझिन वेळेवर येत नाही. धुण्याच्या नळ्यांच्या टोकांवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो. तो मी दर शनिवारी सुईने खरवडते. पाण्यात क्षार असले की पहिला बिघडतो कॅल्शियमचा आकडा, आणि मूल फिट येऊन पडले की डॉक्टर तोही आकडा विचारतात.

मे महिन्यात आमची खोली 40 अंशांच्या वर जाते, तर यंत्र 30 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनलेले आहे. क्युवेटमधली क्रिया 37 अंशांवर व्हावी लागते आणि आमच्या यंत्राला तापवता येते, थंड करता येत नाही. वातानुकूलन दोन उन्हाळे बंद आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या मेल्या आहेत. वीज मध्येच गेली की क्युवेटमध्ये चाललेल्या सगळ्या चाचण्या वाया जातात, चाचणीचे महागडे रसायन (रिएजंट) जाते आणि लहान मुलांच्या हाताला पुन्हा सुई टोचावी लागते. आईच्या मांडीवर रडणाऱ्या त्या मुलाला मी काय सांगू?

दीड वर्षापूर्वी मुंबईहून एक पाहणी पथक आले होते. त्यांनी माझी वही पाहिली, चांगली ठेवली आहे असे म्हटले आणि पंधरा दिवसांत देखभालीचा करार होईल, अभियंता येईल असे सगळ्यांसमोर सांगितले. करार कागदावर झालाही. त्यानंतर अभियंता एकदाच आला, तोही पुण्याहून, आणि दिवा, इलेक्ट्रोड, पंपाचा पडदा हे सुटे भाग करारात बसत नाहीत असे सांगून सेवा अहवालावर माझी सही घेऊन गेला. ज्यात झिजणारे भाग येत नाहीत त्या कराराला देखभाल का म्हणायचे?

केंद्राने 2015 मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा जिल्हा रुग्णालयात 95 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ उपकरणे चालू असावीत असे ठरवले. मोफत तपासणीच्या यादीत उपजिल्हा रुग्णालयासाठी 111 चाचण्या लिहिल्या आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने आपल्या रुग्णालयांतले उपचार आणि तपासण्या मोफत केल्या. या निर्णयाने आमच्या खिडकीसमोरची रांग वाढली आणि ती वाढावीच, कारण ती गरिबांची रांग आहे. पण रांगेबरोबर कंट्रोलच्या कुप्या वाढल्या नाहीत. मोफत दिलेला चुकीचा अहवाल गरिबाला फार महाग पडतो. तो किती महाग पडतो, हे मी त्या डोरल्यात पाहिले आहे.

मराठवाड्याच्या अनुशेषाची मोजदाद दांडेकर समितीने 1984 मध्ये केली. वैधानिक विकास मंडळ 1994 मध्ये आले आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. 16 सप्टेंबर 2023 रोजी छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसले आणि हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. मी त्या रात्री बातम्या पाहत होते, कारण दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाला रुग्णालयात झेंडावंदन होते आणि कदाचित आमच्याही वाट्याला काही येईल असे वाटले होते. आरोग्याच्या घोषणा म्हटल्या की इमारती, खाटा, यंत्रे असतात. घेतलेले यंत्र पाच वर्षे खरे बोलत राहावे यासाठीचा पैसा मला कशातच दिसला नाही. आमचा अनुशेष आता असाही मोजा: किती यंत्रे बंद आहेत हे सोडा, किती यंत्रे चुकत चालली आहेत ते मोजा.

माझ्या नेमणुकीचा आदेश 11 महिन्यांचा असतो. मग एक दिवसाचा खंड आणि पुन्हा आदेश, असे 14 वर्षे चालू आहे. या नोटिशीनंतर पुढचा आदेश येईल का, असे घरी रोज विचारतात. माझी मुलगी बारावीला आहे. तिला प्रयोगशाळेतच काम करायचे आहे आणि तिला होकार द्यावा की नकार, हे मला कळत नाही. सही करून मोकळी झाले असते तर मला कोणीही काही विचारले नसते. चूक केली तेव्हा मला नोटीस आली नव्हती. चूक टाळली तेव्हा आली.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. ज्या खरेदीत यंत्र येईल, त्याच खरेदीत पाच वर्षांचे दिवे, इलेक्ट्रोड, कंट्रोल आणि पाण्याच्या यंत्रणेची देखभाल यावी. मराठवाड्यासाठीचे अभियंते मराठवाड्यात राहावेत. "सुरू" की "बंद" एवढेच विचारणाऱ्या मासिक तक्त्यात आज कंट्रोल मर्यादेत होता का, हा रकाना यावा. कंट्रोल बाहेर असताना चाचणी थांबवणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे, असे आपल्या सहीचे परिपत्रक निघावे. ते निघाले तर माझी नोटीस आपोआप निकाली निघेल, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी, ज्या आज भीतीने सही करतात, त्या थांबतील.

हे पत्र लिहून होईपर्यंत नवा दिवा आलेला नाही. आज संध्याकाळी यंत्र बंद केले तेव्हा मोजणी 3,176 तासांवर होती.

आपली नम्र,
एक कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मराठवाडा