गोळ्यांपर्यंत पोचवणाऱ्या दोन तायांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

सांगली जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनीच मिळून चालवलेली आमची एक छोटी संस्था आहे. गावापुढे आम्ही आजवर कधी हात पसरला नव्हता. बाहेरच्या देशांतून मोठ्या संस्थांमार्फत येणाऱ्या पैशावर आमचं काम चालायचं. तो प्रकल्प गुंडाळला गेला, म्हणून हे पत्र लिहितो आहोत.

कुणाकडेही गेलो की पहिला प्रश्न येतो, "गोळ्या तर सरकार फुकट देतं, मग तुम्हाला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवरून धरणाऱ्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. आज तो खर्च सरकार करतं आणि त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. आमच्यातले कित्येक जण त्या गोळ्यांवरच उभे आहेत.

पण इथवर येताना बाहेरच्या मदतीचा वाटा मोठा होता, तेही सांगायला हवं. १९९२ मध्ये देशाचा एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो जागतिक बँकेच्या कर्जावर. तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. पुढे आल्या, तर एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि जगभरचं चित्र पालटलं. २००२ मध्ये अनेक देशांच्या पैशातून ग्लोबल फंड आला, २००३ मध्ये अमेरिकेचा पेपफार हा एड्ससाठीचा मदत कार्यक्रम. त्या पैशातून भारतात बनलेल्या गोळ्या आफ्रिकेतल्या लाखो घरांत पोचल्या. त्याच २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रतिबंधाचं काम उभं केलं. त्या कार्यक्रमाचं नाव होतं 'आवाहन'. हायवेवरचे ट्रकचालक, वस्तीत देहविक्रय करणाऱ्या बायका, यांच्यापर्यंत तोवर फार थोडे जण गेले होते. नंतर ते काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेलं.

सरकारने औषधं सांभाळली, केंद्रं सांभाळली. घरोघर जाणाऱ्या माणसाचा पगार मात्र बऱ्याच ठिकाणी बाहेरच्याच पैशावर राहिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातले तृतीयपंथीयांसाठीचे 'मित्र' दवाखाने बंद पडले. तिथे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन त्यांना त्यांच्यातल्याच माणसांकडून मिळत होतं. कुलूप लागायला काही दिवसच लागले.

घरी जाणारा माणूस कशाला लागतो, ते एका प्रसंगातून सांगतो. जतच्या पूर्व भागातली एक बाई गोळ्यांसाठी शंभर किलोमीटरवरून सांगलीला येते. जवळच्या केंद्रात गावची माणसं भेटतील, ही तिची धास्ती. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते, सासूला ऐकू जाईल म्हणून ती आत कापूस कोंबते. एका महिन्यात ती आलीच नाही. फोनही बंद. आमची ताई तिच्या गावी गेली, तेव्हा कळलं की जोडपं ऊसतोडीला गेलं आहे आणि बाटली घरातच पत्र्याच्या पेटीत राहिली आहे. ताईने मुकादमाचा पत्ता काढला, संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर पोचली आणि 'मावसबहीण आहे' म्हणून तिच्याजवळ चुलीपाशी बसली. दुसऱ्या दिवशी दोघी जवळच्या सरकारी केंद्रात गेल्या. त्या वेळी ती चार महिन्यांची गरोदर होती. गोळ्या तशाच सुटल्या असत्या तर विषाणू वाढला असता आणि बाळाला धोका होता. बाळ अठरा महिन्यांचं झाल्यावर शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह. रिपोर्ट हातात आला तेव्हा ताई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

या सगळ्या धावपळीचा खर्च औषधाच्या खात्यात कुठेच धरलेला नसतो.

अशा दोन ताया आमच्याकडे आहेत, दोघीही स्वतः पॉझिटिव्ह. गेले चार महिने त्या बिनमानधन फिरत आहेत, हे आम्हाला सहन होत नाही. प्रत्येकीला महिना नऊ हजार द्यायचे आहेत. पेट्रोलला तीन हजार. गोळ्या घ्यायला येणाऱ्यांच्या एसटीभाड्यासाठी सहा हजार, कारण बायकांना अर्धं तिकीट असलं तरी तो दिवसाचा रोजही बुडतो. मुलांच्या अंडी-शेंगदाण्यांसाठी चार हजार. महिन्याचे एकूण एकतीस हजार होतात. महिना दोनशे रुपये देणारी एकशे पंचावन्न माणसं मिळाली तर काम थांबणार नाही. ज्यांना एकदाच द्यायचं आहे त्यांनी जमेल तेवढं द्यावं, पन्नासाचीही पावती मिळेल.

पैशाशिवायही पुष्कळ करता येईल. तासगावकडच्या बागायतदारांनी मुलांसाठी थोडे बेदाणे काढून ठेवावेत. निवृत्त तलाठी किंवा लिपिक असाल तर महिन्यातून एक दिवस या. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार रुपये आमच्या कित्येक बायकांना मिळू शकतात, पण उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच अर्ज अडतो. कारखान्यांना आणि मुकादमांना विनंती एवढीच, की आमच्या ताईला संध्याकाळी टोळ्यांमध्ये जाऊ द्या, सगळ्यांच्याच आरोग्याबद्दल बोलू द्या. कोणाला काय आजार आहे ते ती सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

एक अट मात्र आहे. मदत देताना फोटो काढता येणार नाही, नावंही मिळणार नाहीत. एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची ओळख उघड करायला त्या कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटलं असतं. हिशेब मात्र पूर्ण उघडा असेल. दर महिन्याचा जमाखर्च कार्यालयाच्या दारावर लावू, कोणीही येऊन वही बघावी. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नका, संस्थेच्या बँक खात्यातच भरा आणि पावती मागून घ्या.

दिवाळीनंतर टोळ्या उतरतील. त्याआधी पहिल्या महिन्याचं मानधन आणि पेट्रोल हाताशी असेल, तर दोघी ताया पहिल्याच आठवड्यात बाहेर पडतील. कोणाकोणाला भेटायचं, त्याची यादी तयार आहे.

आपले,
संस्थेचे सर्व सभासद