रविवारच्या वर्गासाठी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सोसायटीतल्या मुलांना शिवकाल शिकवायचं तुम्ही मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचं तुमचं वाचन आता मुलांच्या पदरात पडेल. फक्त सुरुवात लढायांनी करू नका, त्या मुलांना पाठ असतात. त्यांना तारीख फोडायला द्या. राजाचा कागद खरा वाटू लागतो तो तिथून.

फळ्यावर लिहा: शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. यात ७८ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचं साल. मग खाली शिवजन्म लिहा: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. मुलं पुन्हा ७८ मिळवतील आणि १६२९ येईल. येऊ द्या! लगेच खोडू नका, पंचांग हातात द्या. शक पालटतो चैत्रात, इंग्रजी साल पालटतं जानेवारीत. म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. तेव्हा कुठे १६३० येतं. ही चूक स्वतः केली की मूल ती विसरत नाही.

दुसऱ्या रविवारी शुहूर सन घ्या, म्हणजे शिवकालीन कागदांवर अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं साल. 'खमस सबैन अलफ' म्हणजे ५, ७० आणि १०००, एकूण १०७५. अरबी रीतीने एकं आधी, हजार शेवटी. घोळ होतो तो सबा (७) आणि सबैन (७०) यांत, किंवा समान (८) आणि समानीन (८०) यांत. शेवटी 'ऐन' किंवा 'ईन' ऐकू आलं की दशक समजायचं. हे साल मृग नक्षत्र लागलं की पालटतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत ६००.

कुणी नक्की विचारेल की ६ जून १६७४ हीच तारीख का. ती जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने १६ जून येते. त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. एका तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळू नका.

मोडी इतक्यात नको. आधी देवनागरी लिप्यंतर द्या आणि मूळ कागदाची मोठी प्रत शेजारी ठेवा. माथ्यावरची अष्टकोनी मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' एवढं मुलांना शोधू द्या. मर्यादेचा शिक्का मजकूर संपल्याची खूण असतो, त्यापुढे कुणाला ओळ घुसडता येत नाही.

आई, देवघरातली शिवराई, ते तांब्याचं जुनं नाणं, वर्गाला दे, पण ताम्हनासारखी चिंचेने घासू नकोस. वरचा काळपट थर गेला की झिजलेली अक्षरं आणखी पुसट होतात. ठसा नाण्याहून मोठा असायचा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं अनेकदा कडेला कापली जातात. चार-पाच शिवराई नाण्यांचे फोटो शेजारी ठेवले की मजकूर जुळतो. आणि बाबा, ती महाराजांच्याच काळातली आहे असं मुलांना सांगू नका. त्याच नावाने शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या जात होत्या.

शुहूर सनाच्या अंकांचा तक्ता मोठ्या अक्षरात काढून पाठवते.

तुमची लेक