रात्रीचे ५२ सकाळी कुठे गेले?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ग्लुकोज सेन्सरचे चुकीचे आकडे आणि ॲपच्या नव्या अपडेटबाबत

महोदय,

माझ्या ११ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. दीड वर्षापासून तिच्या दंडावर तुमचाच सेन्सर असतो; तो त्वचेखालची साखर सतत मोजून ॲपवर दाखवतो. हौसेने ती त्यावर टिकल्याही चिकटवते.

गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनला अलार्म वाजला. शुगर ५२, म्हणजे धोक्याइतकी कमी. तिला उठवून बसवलं, ग्लुकोज पाजलं आणि मग बोट टोचून पाहिलं, तर १२१! आधी टोचायला हवं होतं, पण त्या वेळी कुणाला सुचतं? पोरगी सेन्सर अंगाखाली दाबून डाव्या कुशीवर झोपली होती. दाब आला की सेन्सरभोवती त्वचेखालचा द्रव नीट खेळत नाही आणि आकडा खोटाच खाली जातो, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. तुमच्या माहितीपत्रकात त्यावर बारीक अक्षरांतली एक ओळ आहे. नको असताना पाजलेल्या ग्लुकोजमुळे सकाळी शुगर २४८.

त्याहून कहर म्हणजे सकाळी आलेखात ते ५२ नव्हतंच. त्या वेळेला ९४ आणि छान सपाट रेघ. स्क्रीनशॉट काढला नसता तर डॉक्टरांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

‘आलेख आता अधिक स्थिर’ असं तुमच्या अपडेटमध्ये लिहिलंय. या स्थिरपणाची किंमत आम्ही मैदानावर मोजली. खो-खोच्या सरावात मुलीचे हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर ६१, ॲपवर ९८ आणि बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर. त्वचेखालची साखर रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, हे मला मान्य आहे. पण त्यात मागच्या आकड्यांची सरासरी मिसळली की उशीर वाढणारच. अपडेटआधी इतका फरक कधी पडला नव्हता.

तुमच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, “नवा सेन्सर लावला की पहिल्या दिवशी आकडे उड्या मारतात, मॅडम.” सेन्सरचा तो नववा दिवस होता.

हा सेन्सर बदलून द्यावा. एकदा दाखवलेला आकडा मागाहून बदलू नये. गुळगुळीत रेघ काढायचीच तर मूळ आकडे शेजारी दिसू द्यावेत. सिग्नल संशयास्पद वाटला तर स्क्रीनवर तसं स्पष्ट लिहावं, आम्ही बोट टोचून खात्री करू.

बिल, स्क्रीनशॉट आणि ग्लुकोमीटरचे फोटो जोडले आहेत. काढलेला सेन्सर टिकल्यांसकट जपून ठेवला आहे. तपासणीसाठी तो नेण्याची व्यवस्था करावी.

आपली,
एक ग्राहक