शनिवारच्या फोनबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

शनिवारी फोनवर "ऑफिसच्या मुलींबरोबर डोंगरावर गेले होते" म्हणाले ना, ती थाप होती. मी एकटीच होते. आई, लगेच फोन उचलू नकोस, आधी सगळं वाच.

डोंगराचं नाव पेन-अ-व्हान. दक्षिण वेल्समधला सगळ्यात उंच, म्हणजे 886 मीटर. बाबा हसतील, कारण आपला अजिंक्यतारासुद्धा याच्याहून उंच भरेल. पण जानेवारीत इथे साडेचारलाच दिवस मावळतो आणि वर वारा असा असतो की हातमोजा काढून बुटाची नाडी बांधेपर्यंत बोटं आपली राहत नाहीत.

सकाळच्या बसने स्टोरी आर्म्सला उतरले. पूर्वी तिथे खानावळ होती, आता मुलांना डोंगर शिकवणारं केंद्र आहे. चहाची आशा ठेवून उतरलं की फसगत! पहिला चढ, मग उतरून एक ओढा, मग पुन्हा चढ. ओढ्याच्या कडेच्या गवताच्या प्रत्येक पात्यावर बर्फाचं वेगळं म्यान चढलं होतं आणि वारा आला की सगळी पाती एकमेकांवर आपटून बारीक किणकिणायची. मी किती वेळ नुसती ऐकत उभी होते. दुसरा आवाजच नव्हता. तिथेच तिळाचा लाडू काढला. आई, थंडीने तो असा दगड झाला होता की दाढेत धरून बसावं लागलं.

धारेवर पोचल्यावर जरा डावीकडे उतरलं की एक दगडी स्तंभ आहे. टॉमी जोन्स नावाच्या पाच वर्षांच्या पोराचा. 1900 च्या ऑगस्टमध्ये तो आजोबांच्या शेतावर चालला होता. संध्याकाळी वाट चुकला. लोक खालीच शोधत राहिले आणि तो मात्र अंधारात इतका वर चढून आला होता. 29 दिवसांनी इथे सापडला. दगडावरची अक्षरं बर्फाने बुजली होती, मी हाताने झाडली. वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. कुणी नव्हतं.

तिथून कॉर्न डीचा, म्हणजे पेन-अ-व्हानच्या शेजारच्या शिखराचा चढ. कॉर्न डी म्हणजे काळं शिंग, त्या दिवशी मात्र पांढरंशुभ्र. अर्ध्यात धुकं आलं आणि जमीन-आभाळ एकच झालं. पुढे टाकलेलं पाऊल चढावर पडतंय की सपाटीवर, तेही कळेना. डाव्या हाताला कडा होता. अशा कड्यांवर वाऱ्याने बर्फाची पडवी पुढे निघालेली असते. वरून ती जमीनच वाटते, खाली काही नसतं. दहा मिनिटं उभी राहिले. धुकं हललं नाही, म्हणून होकायंत्र लावून मागे फिरले. माथा राहिला. बाबा, सज्जनगडावर पावसात तुम्ही आम्हाला अर्ध्यातून परत आणलं होतं तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. तो आत्ता सोडला असं समजा.

आता खरी गोष्ट. निघायच्या आदल्या रात्री मी खालच्या मजल्यावरच्या आजींना चिठ्ठी दिली होती: कुठून चढणार, कोणत्या वाटेने, सहापर्यंत निरोप आला नाही तर 999 ला फोन करून पोलीस आणि डोंगरातलं बचाव पथक मागायचं. परत आले तेव्हा त्या जिन्यात दिवा लावून बसल्या होत्या. माझं नावही त्यांना नीट उच्चारता येत नाही. मी कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. ते मला रात्रभर खुपलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, माथा राहिलाय. चिठ्ठी या वेळी तुम्हालाही पाठवते. फक्त इथले सहा म्हणजे तुमचे रात्रीचे साडेअकरा. बाबा, तुम्ही नवालाच आडवे होता. जागाल का?

तुमची,
ताई