मॉरिशसला जाताय तर पोर्ट लुईची एक सकाळ ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मॉरिशसवरचा लेख वाचला. फोटो सुंदर होते, पण सगळा लेख निळं पाणी, पांढरी वाळू, पॅरासेलिंग, कॅटामरान आणि इल ओ सर्फ बेटाची बोट यातच संपला, हनिमूनवाल्यांसाठी हॉटेलांची यादी मात्र अर्धं पान. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. ज्या देशात गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते, जिथे प्राथमिक शाळेत मुलं आजही मराठी विषय घेऊ शकतात, जिथे कोकणातून गेलेल्या माणसांची पाचवी-सहावी पिढी राहते, त्या देशाबद्दल मराठी पेपरात लिहिताना तिथल्या मराठी माणसावर एक ओळसुद्धा नाही, हे पटलं नाही.

लेखकाचा एकट्याचा दोष नाही यात, आपल्याकडच्या टूरवाल्यांचे प्लॅनच तसे असतात. आम्ही घरचे सगळे गेलो तेव्हा ज्या कंपनीतर्फे गेलो त्यांच्या कार्यक्रमात राजधानी पोर्ट लुईला दिलेला वेळ म्हणजे कॉडन वॉटरफ्रंटवर उतरायचं, शॉपिंग करायची, फोटो काढायचे आणि परत बसमध्ये. तिथून चालत काही मिनिटांवर आप्रवासी घाट आहे, मी विचारलं तर म्हणाले मॅडम तिथे बघण्यासारखं काही नाही, जुन्या दगडी भिंती आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः टॅक्सी करून गेलो.

आता त्या जुन्या दगडी भिंती म्हणजे काय ते सांगते. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी बंद केली, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती, म्हणून त्याच सुमारास करारावर हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण उतरले आणि पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बंदरात आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली भोजपुरी बोलणारी, मग मद्रास बंदरातून तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आपली, त्यातही कोकणातली, रत्नागिरीकडची बरीच. बोटीतून उतरलं की या घाटाच्या १६ दगडी पायऱ्या चढायच्या, नाव नोंदवायचं, एक-दोन दिवस तिथल्या छपराखाली काढायचे आणि मग ज्या मळ्याचा करार असेल तिकडे जायचं. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा म्हणून घेतला. २ नोव्हेंबरला तिथे सरकारी सुट्टी असते आणि लोक त्या पायऱ्यांवर फुलं वाहतात.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते त्या नोंदींचं. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या मजुरांची जुनी रजिस्टरं जपून ठेवलीत. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण असं सगळं लिहिलेलं, आणि १८६० नंतरच्या काळातल्या अनेकांचे फोटोसुद्धा आहेत. आज तिथली माणसं जाऊन आपल्या खापरपणज्याची नोंद शोधतात. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलंच, आमच्याकडे घरोघरी कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत गेलेला असायचा ते आम्हाला माहीत होतं, पण त्याच्याही आधी त्याच किनाऱ्यावरची माणसं मुंबईहून आफ्रिकेच्या बाजूला गेली, ऊस तोडायला, आणि परत आली नाहीत, हे शाळेत कधी कोणी सांगितलं नव्हतं.

ही माणसं जास्त करून बेटाच्या पश्चिमेला आणि मधल्या पठारावर राहिली. कास्कावेल, बाम्बू, व्हाकोआ, हेन्रिएटा ही गावं बघा नकाशावर. आणि गंमत म्हणजे फ्लिक एन फ्लाक, जिथे आपल्या अर्ध्या टूर उतरतात, त्या बीचपासून कास्कावेल अगदी जवळ आहे, येता-जाता बस त्याच रस्त्याने जाते पण कोणी सांगत नाही की इथे मराठी वस्ती आहे. हेन्रिएटाला १८९६ मध्ये पहिला सार्वजनिक गणपती बसला असं तिथे सांगतात. आता बेटावर ठिकठिकाणी मंडळं आहेत, मराठी मंडळी फेडरेशन आहे. बहुतेक ठिकाणी गणपती दीड दिवसाचा, दुसऱ्या दिवशी नदीवर नाहीतर समुद्रावर विसर्जन, आणि सरकारी सुट्टी त्या विसर्जनाच्या दिवशी असते, म्हणजे सगळ्यांना जाता यावं. मिरवणुकीत जे नाचतात ते बघून कोकणातला कुठलाही माणूस ओळखेल, आपला जाखडी नाच, बाल्या नाच, गोल करून, मधे ढोलकी-झांज घेऊन गाणारे, बाहेर पायात घुंगरू बांधलेली पोरं. दीडशे वर्षांत घरातली बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली भाषा, झाली, नावांची स्पेलिंग फ्रेंच थाटाची झाली, पण हा नाच आणि भजनं त्यांनी सोडली नाहीत. आमच्याशी बोललेल्या एक काकू मराठी थांबून थांबून बोलत होत्या, शाळेत शिकलेली शुद्ध मराठी, आणि आम्ही महाराष्ट्रातून आलोय कळल्यावर त्यांनी आम्हाला घरी नेलं. २०२३ मध्ये मोका गावातल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसला तेव्हा आपल्या पेपरांत बातमी आली होती, तेवढ्यापुरतं सगळ्यांना आठवलं आणि परत विसरलो.

आता खाण्याबद्दल, कारण लेखात लिहिलं होतं की शाकाहारी लोकांचे हाल होतात, सोबत ठेपले न्या. अहो असं नाही हो! हाल होतात ते हॉटेलच्या बुफेवर अवलंबून राहिलात तर. आमच्या टूरमध्येही रोज रात्री इंडियन डिनर म्हणून तेच पनीर, तीच जीरा राइस. मॉरिशसचं सगळ्यात लाडकं रस्त्यावरचं खाणं म्हणजे ढोलपुरी आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. डाळ शिजवून वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पिठात भरतात आणि पातळ लाटून तव्यावर भाजतात, आपली पुरणपोळी गुळाशिवाय केली तर जशी होईल तशी, फक्त आणखी मऊ आणि हलकी. नेहमी दोन देतात, जोडी, आत मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी, टोमॅटोचं रुगाय, कोथिंबिरीची चटणी, हवी तेवढी मिरची, कागदात गुंडाळून हातात. सेंट्रल मार्केटच्या आसपास सकाळपासून रांग असते, सूटबूटवाला बँकेतला माणूस आणि हमाल एकाच रांगेत उभे राहून खातात. दुपार टळली की संपते, म्हणून सकाळीच जा.

तसंच गातो पिमां, डाळ भरड वाटून मिरची-कांदापात घालून तळलेले छोटे वडे, ते सकाळी गरम पावात लोणी लावून भरून खातात, चहाबरोबर. चहाही त्यांचा स्वतःचा, बोआ शेरीच्या मळ्यातला, व्हॅनिलाचा वास असलेला. गोड रताळ्याची करंजी असते, आत ओलं खोबरं. दुधात सब्जा आणि अगर-अगरचे तुकडे घातलेला आलूदा मार्केटमध्येच प्यायचा, उन्हातून फिरून आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. छोटे अननस देठासकट सोलून मीठ-मिरची-चिंच लावून देतात. मासे खाणाऱ्यांनी विंदाय खाऊन बघा, तळलेला मासा मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, चार दिवस टिकतो. ऑक्टोपसची करी आहे. चायनाटाउनमध्ये बुलेट म्हणजे वाफवलेले गोळे सूपमध्ये, आणि बोल राँव्हर्से, म्हणजे वाडगं ताटात उपडं करतात, वर तळलेलं अंडं, खाली भाज्या-चिकन, मग भात. लग्नाकार्यात केळीच्या पानावर सात भाज्या वाढतात, भोपळा, फणस, कच्चं केळं, पालेभाजी असं. एका छोट्याशा बेटावर बिहार, तमिळनाडू, कोकण, चीन, आफ्रिका, फ्रान्स सगळ्यांचा स्वयंपाक एकमेकांत मिसळलाय आणि तो फाइव्ह स्टारमध्ये मिळत नाही, रस्त्यावर मिळतो.

बीच बघूच नका असं मी म्हणत नाही, समुद्र अप्रतिमच आहे, बेटाच्या बऱ्याच भागाला प्रवाळाची भिंत आहे त्यामुळे आतलं पाणी शांत आणि उथळ. पण रविवारी एखाद्या पब्लिक बीचवर जा, हॉटेलच्या नाही. सुरूच्या झाडांखाली तिथली कुटुंबं मोठी पातेली घेऊन आलेली असतात, बिर्याणी, कॅरम, पोरं पाण्यात, आणि संध्याकाळी कोणीतरी रवान काढतं. रवान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य, शेकोटीवर तापवून मग वाजवतात. त्यावर सेगा चालू होतो. हॉटेलात जेवताना रंगीत घागरे घालून जो शो दाखवतात तोही सेगाच, पण मूळ सेगा हा मळ्यांवरच्या आफ्रिकन आणि मादागास्करच्या गुलामांचा, पाय जमिनीवरून फारसे न उचलता घासत नाचायचं. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत सेगा २०१४ ला आला, आणि भोजपुरी बायकांची लग्नातली गाणी, गीत-गवई, २०१६ ला. नैऋत्य टोकाला ल मोर्न डोंगर आहे, तिथे पळालेले गुलाम कड्यांवर लपून राहायचे, तोही जागतिक वारसा आहे, २००८ पासून. टूरमध्ये त्याचा उपयोग समुद्रातल्या धबधब्यासारख्या दिसणाऱ्या जागेचा हेलिकॉप्टरमधून फोटो काढायला होतो. गाइडने दोन वाक्यं सांगितली तर काय बिघडतं?

अजून एक, जरा काळजीने लिहितेय. आमच्या बोटीवरचे लोक स्नॉर्कलिंग करताना सरळ प्रवाळावर उभे राहत होते, काही जण तुकडे तोडून खिशात घालत होते. कृपा करून असं करू नका. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशियो नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर खडकाला धडकलं आणि हजारेक टन तेल सांडलं, तेव्हा तिथल्या हजारो सामान्य लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि रात्रंदिवस पाण्यात उतरून तेल अडवलं. त्याच भागात इल ओ एग्रेत हे छोटं बेट आहे, गुलाबी कबुतर आणि मोठी कासवं बघायला मिळतात, मूळचं जंगल परत उभं केलंय. तिथे आपली गर्दी अजिबात दिसली नाही. डोडो याच देशात संपला, सतराव्या शतकात, म्हणून उरलेलं ते जिवापाड जपतात. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा १९७४ मध्ये फक्त चार उरला होता, तिथून त्यांनी तो वाचवला.

आता माझी विनंती. टूर कंपन्यांना सांगावंसं वाटतं की एका वॉटर स्पोर्ट्सच्या दिवसातून अर्धा दिवस काढा, सकाळी सेंट्रल मार्केट, ढोलपुरी, मग आप्रवासी घाट आणि शेजारचं माहितीकेंद्र, एवढं दुपारपर्यंत आरामात होतं. गंगा तलाव आणि शामारेलची रंगीत माती दाखवताच, तिकडून येताना एखाद्या मराठी मंडळाशी आधी बोलून तासभर थांबा. लोकांना आवडणार नाही असं समजू नका, आमच्या ग्रुपमध्ये मी घाटाचं सांगितल्यावर आणखी काही कुटुंबं स्वतःच्या खर्चाने जाऊन आली. जे स्वतः जाणार आहेत त्यांनी शक्यतो मे ते नोव्हेंबर जावं, जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, यूपीआय २०२४ पासून सुरू झालंय तरी ठेल्यावर खायला सुटे पैसे ठेवा. आणि जमलं तर गणपतीत जा.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या गणपतीच्या आधी पुरवणीचं एक पान मॉरिशसच्या मराठी गावांना द्या. तिथल्या मंडळांकडून, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांकडून लिहून मागवा, त्यांच्या शब्दांत येऊ दे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या वाचकांनाही विचारा की घरातून कोणी बोटीने गेल्याची आठवण आहे का, गावाचं नाव जरी मिळालं तरी मोका इथल्या रजिस्टरात शोधता येईल.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली